फिजिओथेरपीचा पेपर पाठवताय? या चुका टाळा

नाशिकमधल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठात थिसिस जमा करायची तारीख जवळ आली की विद्यार्थी माझ्याकडे येतात. "मॅडम, पेपर तयार आहे, फक्त रेफरन्स बघा." मी आधी रेफरन्सच बघते, कारण पेपर तिथेच पडतो.

न वाचलेल्या पेपरचा दाखला देणं ही मला सर्वात जास्त खटकणारी चूक. एका विद्यार्थिनीने अर्धांगवायूच्या रुग्णांच्या पोटरीचा ताठरपणा मॉडिफाइड ॲशवर्थ स्केलने, म्हणजे स्नायूचा ताठरपणा हाताने तपासून गुण देण्याच्या मोजपट्टीने, मोजला होता. पंचवटी, सिन्नर, दिंडोरी, कुठून कुठून रुग्ण गोळा केलेले, काम अगदी प्रामाणिक. स्केल विश्वासार्ह आहे याला आधार म्हणून बोहॅनन आणि स्मिथ यांचा १९८७ चा पेपर दिला. जर्नलच्या परीक्षकाने विचारलं, "हा पेपर वाचलात का?" त्या अभ्यासात ३० रुग्णांचे कोपर वाकवणारे स्नायू तपासले आहेत आणि दोन तपासनिसांचं ८६.७ टक्के वेळा एकमत झालं. पोटरीबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. तिने तो दाखला दुसऱ्याच्या लेखातून उचलला होता, त्यानेही बहुधा तिसऱ्याच्या. पेपर परत आला. पोरगी रडली, आणि मलाही वाईट वाटलं, कारण माझीही नजर त्यावरून गेली होती.

तेव्हापासून माझा नियम आहे: प्रत्येक रेफरन्सची पीडीएफ समोर हवी आणि आपण ज्या वाक्याचा आधार घेतला ते त्यात पिवळं केलेलं हवं. पीडीएफ नसेल तर रेफरन्स कापायचा. उचललेल्या साठ रेफरन्सपेक्षा वाचलेले पंधरा बरे. वर्ष, पान किंवा डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) चुकला तर तो दाखला मूळ पेपरशी जोडला जाईलच असं नाही, मग त्या लेखकाच्या खात्यात तो मोजलाही जात नाही.

दुसरी चूक घाईची. पहिला रुग्ण अभ्यासात घेऊन झाला की सीटीआरआय, म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्यांच्या (ट्रायलच्या) भारतातल्या नोंदवहीतली नोंदणी आठवते. २०१८ पासून तिथे आधी नोंदणी, मगच रुग्ण. मागाहून नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसलेली ट्रायल बरीच चांगली जर्नल्स घेत नाहीत. एथिक्स कमिटीचं पत्र हातात आलं की त्याच आठवड्यात फॉर्म भरायला बसा. रुग्ण कुठे पळून जात नाहीत.

'चार दिवसांत स्वीकृती' म्हणणाऱ्या फसव्या जर्नलच्या ईमेलला उत्तर देऊ नका. त्यात मिरवलेला इम्पॅक्ट फॅक्टरही तपासा. खरा आकडा क्लॅरिव्हेट या कंपनीच्या यादीत असतो: जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले दाखले, भागिले त्या लेखांची संख्या. आपल्या शाखेत रुग्णाचा पाठपुरावा सहा महिने, वर्षभर चालतो आणि वाचणारेही थोडे. त्यामुळे दोन वर्षांत दाखले कमी जमतात आणि आकडा लहान राहतो. म्हणून हृदयरोगाच्या जर्नलशी तुलना करून खट्टू होऊ नका.

नावाचं एक स्पेलिंग पक्कं करा. कधी वडिलांचं नाव मध्ये, कधी नुसतं आद्याक्षर, लग्नानंतर तिसरंच आडनाव, असं झालं की एकाच बाईचे पेपर तिघींच्या नावावर विखुरतात. ऑर्किड (ORCID) आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, पहिल्या पेपरआधीच काढा.

आणि शीर्षक 'अमुक रुग्णालयातील एक अभ्यास' असं ठेवू नका. आजार, उपचार आणि अभ्यासाचा प्रकार शीर्षकात हवा, कारण शोधणारा तेच शब्द टाकतो.