एकिनॉप्स: ऊन द्या, लाड करू नका

एकिनॉप्स म्हणजे उंटकटाऱ्याचा बागेतला निळा भाऊबंद. त्याला दिवसभर ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा पुरतो. शेणखत नकोच, सकस मातीत दांडे माजतात आणि ऐन फुलायच्या वेळी आडवे होतात. माती चिकट असेल तर मी बारीक खडी मिसळून वाफा वीतभर उंच करते.

जागा मात्र विचार करून निवडा. सोटमूळ खोल जातं, मोठं झालेलं झाड हलवलेलं त्याला खपत नाही. दोन रोपांत ४५ ते ६० सेंमी अंतर ठेवा. मूळ धरेपर्यंत पाणी द्या, पुढे बेतानेच. बियांचं रोप पहिल्या वर्षी बहुधा नुसती पानंच काढतं; तण समजून उपटू नका. पानं काटेरी, खालून पांढरी लवदार. हातमोजे घालाच.

सुकवायला फुलं हवीत? बारीक कळ्यांचा गोळा पोलादी निळा झाला, पण एकही कळी उमलली नाही, तेव्हाच कापून उलटा टांगा. कळ्या शेंड्याकडून खाली उमलत येतात. शेंडा फुलला की उशीर झाला, सुकल्यावर गोळा झडतो. असे गोळे मी मधमाश्यांना सोडते आणि बी पडायच्या आत छाटते, नाहीतर वाफाभर रोपं.