इंग्रजीतला 'बाय' वापरताना या चुका टाळा

तारकर्ली-मालवणला किंवा हर्णै-गुहागरकडे घरगुती राहण्याजेवणाची सोय करणाऱ्यांना आता रोज इंग्रजीत मेसेज लिहावे लागतात. बंगळुरूचा किंवा परदेशातला पाहुणा मराठी वाचत नाही. व्याकरणाच्या बारीकसारीक चुका तो समजून घेतो. पण बी-वाय या दोन अक्षरांचा 'बाय' चुकला की वेळ चुकते, जेवण हुकतं, पैशांवरून कुरबूर होते.

सगळ्यात जास्त घोळ 'पर्यंत'चा होतो. आपण म्हणतो, "उद्या कुठली मासळी हवी ते रात्री नऊपर्यंत सांगा" आणि "जेवण रात्री दहापर्यंत मिळेल." मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत'च. इंग्रजीत मात्र पहिल्या ठिकाणी 'बाय नाइन' आणि दुसऱ्या ठिकाणी 'टिल टेन'. मासळी सांगणं हे एकदाच उरकायचं काम आणि नऊ ही त्याची मुदत; आठला सांगितलं तरी चालतं. जेवण मिळणं ही दहापर्यंत चालू राहणारी गोष्ट. म्हणून 'प्लीज पे द ॲडव्हान्स टिल फ्रायडे' असं लिहिलं, तर शुक्रवार उजाडेपर्यंत पैसे भरतच राहा, असा अर्थ होतो. तिथे 'बाय फ्रायडे'च हवं.

शंका आली तर मराठी वाक्यात 'तोवर चालूच' किंवा 'तोवर बंदच' घालून बघा. बसलं तर 'टिल', नाही बसलं तर 'बाय'. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. जुलैतल्या पाहुण्याला ताजी सुरमई का नाही हे सांगताना 'फिशिंग इज क्लोज्ड टिल थर्टी-फर्स्ट जुलै' असं लिहायचं, कारण ती तोवर बंदच आहे. तिथे 'विल बी क्लोज्ड बाय' लिहिलंत, तर मासेमारी आज चालू आहे आणि ३१ जुलैच्या आत कधीतरी बंद होईल, असा उलटाच निरोप जातो.

नकार आला की आणखी जपायला हवं. 'द रूम विल नॉट बी रेडी टिल वन' म्हणजे खोली एक वाजता मिळेल, त्याआधी नाही. 'विल नॉट बी रेडी बाय वन' म्हणजे एक वाजता खोली तयार नसेल. मग कधी होईल, ते सांगितलेलंच नाही. रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी कुडाळला उतरलेलं, लहान मुलं बरोबर असलेलं कुटुंब हा मेसेज वाचणार आहे, हे लक्षात घ्या. आणि पाहुण्याने 'वी विल रीच बाय फोर' असं कळवलं, तर चारच्या आत कधीही, असं समजा. साडेतीनलाच गाडी फाटकाशी आली म्हणून तो लवकर आला असं होत नाही.

दुसरा घोळ 'ने'चा. बसने आलो, आईने केलं, सुरीने कापलं, सगळीकडे आपला एकच 'ने'. त्यामुळे 'कट बाय नाइफ' सहज लिहून जातो. करणारा माणूस असेल तर 'बाय': सिंधुदुर्ग किल्ला 'वॉज बिल्ट बाय शिवाजी महाराज'. हत्याराला आणि घटकाला 'विथ': 'कट विथ अ नाइफ', सोलकढी 'मेड विथ कोकम अँड कोकोनट मिल्क'. मेनूकार्डावर 'मेड बाय कोकोनट' दिसलं की नारळानेच चुलीपाशी उभं राहून रस्सा केल्यासारखं वाचलं जातं. वाहनाला पुन्हा 'बाय', पण मध्ये 'द' किंवा 'माय' नको: 'बाय बस', 'बाय ट्रेन', 'बाय फेरी'. दाभोळहून वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला 'बाय फेरी' जातात. गाडीही बोटीत चढते आणि रस्त्याचा मोठा वळसा वाचतो. स्वतःची गाडी असेल तर 'इन माय कार', दुचाकी असेल तर 'ऑन माय बाइक'. 'बाय वॉक' असं काही नसतं, 'ऑन फूट' म्हणा.

जाहिरातीत 'हाउस बाय द सी' लिहिताना प्रामाणिकपणा पाळा. इथे 'बाय' म्हणजे अगदी लगत. समुद्र पंधरा मिनिटं चालण्याच्या अंतरावर असेल तर सरळ तसंच लिहा. उगाच वाढवून लिहिलं की पाहुणा नाराज होऊनच आत शिरतो आणि मग जेवण कितीही चांगलं असलं तरी त्याच्या मनातून ते जात नाही.

मापाचा 'बाय' आपल्याला चांगला जमतो. दहा बाय बाराची खोली सगळ्यांना कळते. आंबे डझनावर विकताना मात्र 'बाय द डझन' म्हणा, तिथे 'द' लागतो. वजनावर विकलं तर नुसतं 'बाय वेट'. 'वन बाय टू' चहा आपल्याकडेच चालतो, परदेशी पाहुण्याला तो कळणार नाही. 'बाय मिस्टेक' बरोबर, 'बाय माय मिस्टेक' चूक.

शेवटी किनाऱ्यावरच्या पाटीचं. 'डोन्ट स्विम बाय युवरसेल्फ' हे इंग्रजी शुद्ध आहे. 'बाय युवरसेल्फ' म्हणजे एकट्याने. पण आपल्याकडच्या कित्येकांना त्याचा अर्थ 'स्वतःहून' असा वाटतो आणि दोघे-तिघे असले तरी कुणाला तरी विचारायला हवं, असा समज होतो. पाटीवर 'अलोन' लिहा. संध्याकाळच्या वेळेसाठी दोन वाक्यं चालतील: 'बी आउट ऑफ द वॉटर बाय सिक्स' किंवा 'नो स्विमिंग आफ्टर सिक्स'. 'नो स्विमिंग टिल सिक्स' असं लिहिलंत, तर सहा वाजल्यावर पाण्यात उतरायला हरकत नाही, असंच लोक धरून चालतील.