घर विकायचंय? आधी खिडक्यांचे कागद शोधा

इंग्लंड-वेल्समध्ये घर विकायला काढलं की आपण भिंती रंगवतो, बाग आवरतो. आणि गिऱ्हाईक ठरल्यावर घोडं पेंड खातं ते खिडक्यांपाशी. म्हणून एजंटला बोलावण्याआधी एखाद्या रविवारी वही घेऊन घराभोवती चक्कर मारा. कुठली खिडकी, कुठलं काचेचं दार कधी बदललं ते लिहून काढा. महत्त्वाची तारीख १ एप्रिल २००२. त्याआधी बसवलेल्यांचं, काम नियमांप्रमाणे झाल्याचं सर्टिफिकेट सहसा कुणी मागत नाही. त्यानंतर बदललेल्या खिडक्या मात्र बिल्डिंग रेग्युलेशन्समध्ये, म्हणजे सरकारी बांधकाम-नियमांत येतात, आणि सॉलिसिटर टीए६ हा जो घराच्या माहितीचा फॉर्म भरायला देतो त्यात त्यांची चौकशी असतेच. चौकट तीच ठेवून नुसती धुरकटलेली काच बदलली असेल, तर ती यादीतून खोडा. एक्सटेन्शनमधल्या नव्या खिडक्याही वेगळ्या. त्या बिल्डिंग कंट्रोलच्या, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्यांच्या, कम्प्लिशन सर्टिफिकेटात येतात.

आता कागद. बहुतेकांकडे फेन्साचं सर्टिफिकेट असतं, काहींकडे सर्टासचं; ह्या खिडक्या बसवणाऱ्यांची नोंदणी करणाऱ्या योजना. बसवणारा कुठल्याच योजनेत नसेल, तर कौन्सिलचं. बिल आणि गॅरंटी म्हणजे सर्टिफिकेट नव्हे, इथेच पुष्कळ जण फसतात. सर्टिफिकेटावरचा पत्ता आणि खिडक्या-दारांची संख्या स्वतः मोजून ताडून बघा. खिडक्या आधीच्या मालकाने बदलल्या असतील, तर तुमच्या खरेदीची फाइल उघडा. सर्टिफिकेट हरवलं असेल तर घाबरायचं कारण नाही: नोंद घराच्या पत्त्यावर असते, बसवणारी कंपनी बुडाली तरी राहते, आणि फी भरून दुसरी प्रत मिळते.

सर्टिफिकेट कधी निघालंच नसेल, तर मात्र जपून. ‘कौन्सिलला फोन करून विचारू या की,’ हा आपला सरळ स्वभाव इथे महागात पडतो. अशा वेळी सॉलिसिटर बहुधा इन्डेम्निटी इन्शुरन्स सुचवतो. एकदाच हप्ता भरायचा, पुढे कौन्सिलने कारवाई केली तर नुकसान विमा कंपनीचं. पण तुम्ही आधीच कौन्सिलशी बोलला असाल, तर विमा कंपनी हात वर करू शकते. तेव्हा आधी सॉलिसिटर, मग बाकी सगळे. ह्या विम्याने गळकी खिडकी दुरुस्त होत नाही, हेही गिऱ्हाइकाला कळतं. भावात घासाघीस करायला त्याला मुद्दा मिळतो. दुसरी वाट रेग्युलरायझेशनची, म्हणजे झालेल्या कामाला मागाहून मंजुरी घ्यायची. कौन्सिलचा माणूस येऊन तपासतो, जमिनीलगतची काच सेफ्टी ग्लास आहे का हे बघतो, आणि कमी असेल ते करून घ्यायला लावतो. वेळ हाताशी असेल तर मला हीच वाट बरी वाटते, पण गिऱ्हाईक दारात उभं असताना नाही.

फ्लॅट असेल तर लीज वाचा. खिडक्या पुष्कळदा फ्रीहोल्डरच्या, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाच्या असतात, आणि त्याची लेखी परवानगी घेतली होती का, हा प्रश्न येणारच. घर लिस्टेड, म्हणजे जपायच्या वारसा-इमारतींच्या यादीत असेल, तर लिस्टेड बिल्डिंग कन्सेन्टचा, म्हणजे त्यासाठीच्या परवानगीचा कागदही काढून ठेवा. त्याच्याशिवाय केलेलं काम हा गुन्हा धरतात, तिथे विम्यावर भिस्त ठेवू नका.

सगळं स्कॅन करून एकाच फाइलमध्ये सॉलिसिटरला पाठवा, गॅरंटी नव्या मालकाच्या नावावर करता येते का तेही बघा. आणि हो, खिडक्यांच्या त्या बारक्या किल्ल्या! एका डब्यात घालून कुठली कुठे लागते ते लिहून ठेवा; त्या शोधायला ऐन सामान हलवायच्या दिवशी अर्धी सकाळ जाते.