दोघांनीच गाडी घेऊन दक्षिणेकडची आफ्रिका फिरायची असेल तर

आधीच सांगते, पाच देश एका ट्रिपमध्ये कोंबू नका. नकाशावर केपटाऊन, क्रुगरचं जंगल, व्हिक्टोरिया फॉल्सचा धबधबा, नामिबिया सगळं जवळजवळ वाटतं, पण नुसतं जोहान्सबर्ग ते केपटाऊन रस्त्याने १४०० किमी भरतं आणि दोघंच असलात की गाडी चालवणारे पण तेवढेच, दमले तर बदली ड्रायव्हर नाही, मग चिडचिड एकमेकांवरच निघते. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला क्रुगर, केपटाऊन आणि फॉल्स एवढंच करा, मोठी अंतरं विमानाने कापा. नामिबिया पुढच्या वेळी, निवांत.

महिना कोणता हा प्रश्न सगळे विचारतात आणि सगळ्या जागांना एकदम चांगला असा महिना नाहीच. क्रुगरला प्राणी बघायचे तर मे ते सप्टेंबर, पाऊस नसतो, गवत वाळून बसतं आणि प्राणी पाण्यावर येतात. पण केपटाऊनला नेमका जून ते ऑगस्ट पाऊस. फॉल्सला पाणी सगळ्यात जास्त एप्रिलच्या आसपास. म्हणून आम्हाला सप्टेंबर सगळ्यात बरा वाटतो, क्रुगर अजून कोरडं असतं, केपटाऊनचा पाऊस ओसरत आलेला असतो आणि केपटाऊनजवळच्या हर्मानसला किनाऱ्यावर उभं राहून व्हेल दिसतात. फॉल्सचं पाणी कमी झालेलं असतं, त्याचं काय करायचं ते खाली सांगते.

व्हिसाचं एकच लक्षात ठेवा, दक्षिण आफ्रिकेतून बाहेर जाऊन परत आत यायचं असेल (फॉल्स करून जोहान्सबर्गवरून घरी म्हणजे तेच झालं) तर मल्टिपल एंट्री मागा. पासपोर्टला कोरी पानं हवीत, किमान दोन. आणि क्रुगर, बोट्स्वानातलं चोबेचं जंगल, फॉल्स हा सगळा मलेरियाचा पट्टा आहे, गोळ्यांचं डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. गोळ्या नकोच असतील तर पिलान्सबर्ग किंवा अॅडो हे पार्क मलेरिया नसलेल्या भागात आहेत, प्राणी तिथेही भरपूर.

आता गाडी. डावीकडून चालवायचं असतं त्यामुळे आपल्याला अवघड नाही. भाड्याने घेताना दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव करारात घालून घ्या, थोडे पैसे जास्त पडतात पण नाव नसताना दुसऱ्याने चालवली आणि काही झालं तर इन्शुरन्स उपयोगाचा नाही. डिपॉझिटची रक्कम मुख्य ड्रायव्हरच्या क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवतात, म्हणून रोजच्या खर्चाला दुसऱ्याचं कार्ड ठेवा. सीमा ओलांडणार असाल तर कंपनीचं परवानगीचं पत्र लागतं, ते बुकिंग करतानाच सांगायचं, आयत्या वेळी मिळत नाही. पेट्रोल पंपावर माणूसच भरून देतो, काच पण पुसतो, त्याला पाच-दहा रँड द्यायची पद्धत आहे. सिग्नलला तिथे रोबो म्हणतात, कोणी सांगितलं दुसऱ्या रोबोला डावीकडे वळा तर गोंधळू नका. चार बाजूंना स्टॉपची पाटी असलेल्या चौकात जो आधी येऊन थांबला तो आधी जातो, आणि खरंच सगळे पाळतात हो. अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी चालवायची नाही, गुरं आणि कुडू (मोठी हरणं) सरळ रस्त्यावर येतात, आणि हिवाळ्यात साडेपाचलाच अंधारायला लागतं म्हणून दिवसाचा हिशोब चारपर्यंतच धरा. आणि गाडीत दिसेल अशी बॅग ठेवून उतरायचं नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही.

क्रुगरला खरी मजा स्वतः गाडी चालवण्यात आहे. पार्क जवळपास १९५०० चौरस किमी, डांबरी रस्त्याला ५० आणि कच्च्याला ४० ची मर्यादा, आणि थांबत थांबत गेलात की ताशी २५ च पडतात. म्हणजे स्कुकुझा कॅम्प ते सतारा कॅम्प ९० एक किमीला अर्धा दिवस धरा. साधी गाडी चालते पण थोडी उंच घेतलीत तर गवताच्या वरून दिसतं. राहायला पार्कच्या आतलेच कॅम्प घ्या, बाहेरचं हॉटेल थोडं स्वस्त पडलं तरी सकाळी गेटवरच्या रांगेत वेळ जातो. बुकिंग कित्येक महिने आधी भरतं. आणि जोडप्यांनो, बुक करताना बेड बघा! बऱ्याच झोपड्यांमध्ये दोन सिंगल बेड असतात, डबल बेड हवा असेल तर तसं लिहिलेलीच खोली निवडा.

जून-जुलैत कॅम्पचं गेट सहाला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद, उशीर झाला तर दंड. सहाला गेटवर हजर रहा, थर्मासमध्ये चहा घेऊन, पण बेतानेच प्या कारण गाडीतून उतरता येतं ते फक्त कॅम्प आणि ठराविक पिकनिकच्या जागांवर. थंडी चांगलीच असते, पार्कच्या उघड्या गाडीतून नाईट ड्राईव्ह घेणार असाल तर कानटोपी आणि हातमोजे पण लागतात. दुर्बिणी दोन घ्या. एकच असली की बिबट्या दिसल्यावर 'दे ना आता' सुरू होतं आणि तोवर तो झाडावरून उतरून गेलेला असतो. जो चालवतो त्याने रस्ता बघायचा आणि दुसऱ्याने झुडपं, दर दोन तासांनी बदली करायची, कारण चालवणाऱ्याला निम्मं पण दिसत नाही. स्कुकुझा ते लोअर साबी हा नदीकाठचा रस्ता एक अख्खी सकाळ द्यावी असा आहे, आणि लोअर साबीजवळच्या सनसेट डॅमवर इंजिन बंद करून नुसतं बसायचं. पाणघोडे जांभया देतात, मगरी काठावर पडलेल्या असतात, आणि दहा मिनिटं काही घडत नाहीये असं वाटत असताना पलीकडून हत्तींची रांग येते.

हत्तीवरून आठवलं. रस्त्यात आडवा आला तर हॉर्न नाही, पुढे घुसायचं नाही, भरपूर अंतर ठेवून थांबायचं. तो तुमच्याकडे चालत येऊ लागला तर हळूहळू रिव्हर्स. डोळ्यामागून गालावर ओला ओघळ दिसला तर नर माजावर आहे, फोटोच्या नादी न लागता निघायचं. आई आणि पिल्लाच्या मधे गाडी कधीच घालू नका. मागे दुसरी गाडी चिकटली असेल तर रिव्हर्सला जागाच उरत नाही, म्हणून बाजूला बसलेल्याने मागे पण नजर ठेवायची.

कॅम्पवर मात्र खरा त्रास माकडांचा. स्वयंपाकाचा ओटा आणि फ्रिज व्हरांड्यात असतो, फ्रिजला कडी किंवा जाळी असते ती लावायचीच, केळी टेबलावर ठेवून भांडी धुवायला वळलात की केळी गेली. शाकाहारी असाल तर डाळ-तांदूळ बरोबर ठेवा, कॅम्पच्या दुकानात लाकूड, कोळसा, बटाटे, कांदे मिळतात, शेगडीवर मक्याची कणसं भाजून दोघांचं मस्त जेवण होतं. तिथले प्लग तीन जाड गोल पिनांचे, आपल्या गिझरच्या प्लगसारखे.

केपटाऊनला टेबल माउंटनसाठी दिवस ठरवून ठेवू नका. पोचल्यावर ज्या दिवशी पहिल्यांदा आकाश मोकळं दिसेल त्याच दिवशी जा, कारण वारा सुटला की केबल कार बंद आणि वरती ढगाची चादर. रॉबेन आयलंड या तुरुंगाच्या बेटाचं पण तसंच, समुद्र खवळला की बोट रद्द होते, तिकीट पहिल्या एक-दोन दिवसांचं काढा म्हणजे रद्द झाली तरी पुढे वाव राहतो. मंडेलांच्या तुरुंगवासाच्या २७ पैकी १८ वर्षं तिथे गेली आणि तुरुंगाचा भाग दाखवायला तिथेच शिक्षा भोगलेले राजकीय कैदी असतात, त्यांना प्रश्न विचारा, ते मोकळेपणाने बोलतात. केप पॉइंटचा दिवस मात्र दिशा बघून आखा: जाताना सायमन्स टाऊनवरून, वाटेत बोल्डर्सला पेंग्विन, मग केप पॉइंट, आणि परत येताना चॅपमन्स पीकचा रस्ता नूर्डहूककडून हौट बेकडे. असं गेलात की समुद्र डाव्या बाजूला राहतो, थांबायच्या जागा पण त्याच बाजूला येतात आणि बाजूला बसलेल्याला खिडकीतून सरळ खाली पाणी दिसतं. टोल आहे, दरडीमुळे कधी रस्ता बंद असतो, निघायच्या आधी बघा. केप पॉइंटला बबून गाडीचं दार उघडतात, दारं लॉक. आणि हो, केप ऑफ गुड होप हे खंडाचं दक्षिण टोक नाही, ते अगुल्हास, वेगळा दिवस लागतो.

फॉल्स म्हणजे झांबेझी नदी १७०० मीटर रुंदीने शंभर मीटरच्या वर खाली कोसळते, एक बाजू झिंबाब्वेत, एक झांबियात. एप्रिलला गेलात तर तुषार इतके की समोरचं दिसत नाही, रेनकोट आणि फोनला प्लास्टिकची पिशवी हवीच. सप्टेंबर ते नोव्हेंबर झांबियाची बाजू बरीचशी कोरडी पडते, तेव्हा झिंबाब्वेकडूनच बघा, दृश्य तसंही तिकडूनच जास्त लांबपर्यंत दिसतं. तिथून चोबेची एक दिवसाची ट्रिप जमते, दुपारची बोट घ्या, हत्ती पोहत नदी पार करताना अगदी जवळून दिसतात.

पैशांचं शेवटी. झिंबाब्वेत अमेरिकन डॉलर चालतात, एक आणि पाचच्या स्वच्छ नोटा न्या, सुट्टे परत मिळण्याचे वांधे असतात. बोट्स्वानाचं चलन पुला. पुढे कधी नामिबियाला गेलात तर तिथे रँड एकास एक चालतो, पण नामिबियाचे डॉलर दक्षिण आफ्रिकेत दुकानदार घेत नाहीत, म्हणून उरलेले निघायच्या आधी तिथल्याच पेट्रोल पंपावर संपवा.