हॅकेथॉनसाठी वेबसाइट बनवताय? आधी फॉर्ममधे ‘शांताबाई’ टाइप करून बघा

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा कॉलेजच्या इंटर्नल हॅकेथॉनला (हॅकेथॉन म्हणजे ठरलेल्या तासांत टीमने मिळून काहीतरी बनवून दाखवायची स्पर्धा) आम्ही पाणीपुरवठ्याच्या तक्रारी नोंदवायचं पोर्टल केलं होतं, अख्खं मराठीत. नावाच्या रकान्याला कुठल्यातरी ट्युटोरियलमधून उचललेला रेजेक्स (कुठली अक्षरं चालतील हे तपासणारा नियम) लावला होता, त्यात फक्त ए ते झेड चालायचं, म्हणून मराठी नाव टाकलं की एरर. रात्री दोनला मैत्रिणीने तो बदलून युनिकोडचं (संगणकात सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची ठरलेली पद्धत) कुठलंही ‘लेटर’ चालेल असा केला, ‘कमल’ टाकून बघितलं, गेलं. ‘गगन’ टाकलं, तेही गेलं. झोपलो. सकाळी परीक्षक मॅडमनी स्वतःच्या फोनवर साइट उघडली, ‘शांताबाई’ लिहिलं आणि खाली लाल अक्षरात आलं, ‘कृपया योग्य नाव लिहा’. मॅडम काही बोलल्या नाहीत, फोन खाली ठेवला. आम्ही पुढच्या राउंडला गेलो नाही.

कारण सांगते, कारण हे अजूनही दर वर्षी बघते. क, म, ल ही युनिकोडमधे लेटर आहेत पण काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं हलन्त चिन्ह हे सगळं ‘मार्क’ नावाच्या वेगळ्या वर्गात येतं. म्हणजे बिनकानामात्रेचं नाव पास आणि बाकी सगळा महाराष्ट्र नापास. रेजेक्स लावायचाच तर लेटर आणि मार्क दोन्ही घ्या, यू फ्लॅग (रेजेक्सला युनिकोड समजायला लावणारं अक्षर) विसरू नका. पण माझं स्पष्ट मत, नावाला रेजेक्स लावूच नका. ‘सुऱ्या’ सारखं नाव काही कीबोर्डवरून टाइप केलं की मधे न दिसणारं एक जोडचिन्ह येतं, ते या दोन्ही वर्गात बसत नाही. रकाना रिकामा नाही ना आणि लांबी फार नाही ना, एवढं तपासा. लांबीचंही तेच, ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं पण जावास्क्रिप्ट त्याची लांबी ४ सांगते, त्यामुळे मॅक्सलेंग्थ (रकान्याची लांबीची मर्यादा) २० ठेवून मोकळं होऊ नका.

हे इंटर्नल राउंड ज्याच्यासाठी असतात त्या स्पर्धेबद्दल, ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ पासून आहे, केंद्राचं शिक्षण मंत्रालय आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मिळून घेतात. मंत्रालयं, सरकारी खाती आणि कंपन्या प्रॉब्लेम स्टेटमेंट देतात, आधी कॉलेजात इंटर्नल राउंड, मग आयडिया सबमिशन, मग फायनल, आणि सॉफ्टवेअरची फायनल सलग ३६ तासांची. टीम ६ जणांची, त्यात किमान एक मुलगी हवीच. या नियमाबद्दल एक बोलायचंय. मुलीला फक्त नियमापुरतं घेऊन पीपीटी तिच्या गळ्यात मारायचा प्रकार मी खूप बघितलाय, असं करू नका. तिला विचारा तिला काय येतं, कदाचित तुमच्या टीममधलं सगळ्यात चांगलं सीएसएस (पान कसं दिसेल ते ठरवणारा कोड) तीच लिहीत असेल.

आणि हे सगळं नुसतं सर्टिफिकेटसाठी असतं असं कुणी म्हणालं तर त्याला कझानचं सांगा. २०१९ मधे रशियात कझानला वर्ल्डस्किल्स ही कौशल्यांची जागतिक स्पर्धा झाली, त्यात वेब टेक्नॉलॉजीज या प्रकारात भारताच्या प्रणव नुतलापतीने रौप्यपदक घेतलं आणि आपल्या महाराष्ट्राच्या श्वेता रतनपुराने ग्राफिक डिझाइनमधे कांस्य. मी ज्युनिअर्सना हे दर वेळी सांगते, कारण ‘वेबसाइट काय कुणीही बनवतं’ हे वाक्य आपल्या पोरांनी घरीदारी इतकं ऐकलेलं असतं की त्यांनाच ते खरं वाटायला लागतं. वेबसाइट बनवणं ही जागतिक पातळीवर पदक मिळणारी कारागिरी आहे.

आता कामाचं. पहिल्या तासात डिप्लॉय करा, म्हणजे साइट इंटरनेटवर चढवा. हो, पहिल्याच. नुसतं ‘नमस्कार’ लिहिलेलं पान असलं तरी चालेल पण त्याची खरी लिंक हवी, गिटहब पेजेस, नेटलिफाय, व्हर्सेल, जे जमतं ते. मग दर दोनतीन तासांनी नवा कोड पुश करा (वर चढवा) आणि ती लिंक फोनवर उघडा. ज्या टीम ३४व्या तासाला पहिल्यांदा डिप्लॉय करतात त्यांचं लॅपटॉपवर सगळं चालत असतं आणि सर्व्हरवर काहीच चालत नाही, फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा गोंधळ, डेटाबेसचा पत्ता अजून लोकलहोस्ट, म्हणजे स्वतःचाच लॅपटॉप. हे शोधायला डोकं ताजं लागतं आणि तेव्हा ते उरलेलं नसतं. बॅकएंडच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडच्या) फुकट होस्टिंगवर अजून एक गोष्ट असते, थोडा वेळ कुणी आलं नाही की सर्व्हर झोपतो आणि पुढच्या माणसाला मिनिटभर वाट बघावी लागते, म्हणून परीक्षक टेबलाशी यायच्या आधी एकाने लिंक उघडून ठेवायची.

गिटचं (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) पटकन, पहिल्या कमिटच्या, म्हणजे पहिल्या नोंदीच्या, आधी गिटइग्नोर (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) करा आणि त्यात एन्व्ह फाइल (पासवर्ड आणि की ठेवायची) टाका, एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली) पब्लिक रेपोत (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात) गेली की नंतर फाइल डिलीट करून उपयोग नाही, हिस्टरीत राहते, ती की रद्द करून नवीनच घ्यावी लागते.

मराठी दिसण्याबद्दल मात्र मी जरा वेळ घेणार आहे कारण इथे आपली पोरं हातातले मार्क घालवतात. टेम्प्लेट इंग्रजीसाठी केलेलं असतं. हेडिंगला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) २ पिक्सेल दिलेलं असतं, इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटते. ‘पाणीपुरवठा’ हा शब्द मी एका टीमच्या स्क्रीनवर बघितला, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळा तुकडा आणि मधे फटी, दातात सुपारी अडकल्यासारखं खुपत होतं. लेटर-स्पेसिंग शून्य केलं, एका सेकंदात शब्द जोडला गेला. दुसरं लाइन-हाइट (ओळीची उंची), टेम्प्लेटमधे १.२ असते, आपल्याला वर रफार आणि वेलांटी, खाली उकार आणि जोडाक्षरं, म्हणून १.६ च्या आसपास ठेवा. बटणाला ओव्हरफ्लो हिडन (बाहेर गेलेला भाग लपवणारी सेटिंग) असेल तर ‘पूर्ण’ मधला रफारच कापला जातो, बघा एकदा. फॉन्ट म्हणून मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आहेत, फॉन्टची फाइल स्वतःच्या प्रोजेक्टमधेच ठेवा म्हणजे हॉलमधलं नेट रडलं तरी अक्षरं नीट येतील, आणि दोनपेक्षा जास्त वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) लोड करू नका. एचटीएमएल टॅगमधे भाषा मराठी आहे हे लिहा, स्क्रीन रीडर त्यावरूनच उच्चार ठरवतो. आकड्यांसाठी स्वतः कोड लिहीत बसू नका, ब्राउझरच्या इंटल नंबरफॉरमॅटला (आकडे मांडायची तयार सोय) मराठी लोकेल, म्हणजे भाषेची खूण, दिलं की १२,३४,५६७ असं आपल्या पद्धतीने लाख-हजारात येतं.

खात्याकडून डेटा मिळाला आणि एक्सेल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर फाइल खराब आहे असं समजू नका, बहुतेक ती श्रीलिपीसारख्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधे टाइप केलेली असते. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करा, मग दहावीस ओळी डोळ्यांनी वाचा, र आणि जोडाक्षरांपाशी हमखास चुका राहतात. आणि सर्चमधे डोळ्याला सारखा दिसणारा शब्द सापडत नसेल तर सेव्ह करताना आणि शोधताना दोन्ही वेळा नॉर्मलाइज करा (एकाच रूपात आणा), ‘ऱ’ दोन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो.

वेगासाठी मोठं काही करायची गरज नाही. गूगलचा निकष आहे की पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा. फोनवरचे ४ एमबीचे फोटो जसेच्या तसे टाकले तर ते शक्यच नाही. रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणा, वेबपी (फोटोचा हलका फॉरमॅट) करा, बहुतेक फोटो २०० केबीच्या आत येतात. मग क्रोमच्या डेव्हटूल्समधे नेट मुद्दाम स्लो करून साइट उघडा आणि शेवटपर्यंत बघत बसा, मधे रिफ्रेश मारायचा नाही. गावात एका काडीच्या रेंजवर तक्रार टाकणारा माणूस हेच बघत असतो.

डेमोच्या आदल्या रात्री पूर्ण फ्लो एकदा स्क्रीन रेकॉर्ड करून लॅपटॉपवर ठेवा, दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमचे हॉटस्पॉट तयार ठेवा, एक्सटेन्शन बोर्ड घरून न्या. शेवटच्या दोन तासांत नवीन फीचर नको. त्यापेक्षा टीमबाहेरच्या कुणाच्या तरी हातात फोन द्या, कँटीनवाल्या काकांच्या दिला तरी चालेल, आणि तुम्ही गप्प उभं राहून बघा ते कुठे अडतात. मागच्या वर्षी ज्युनिअर्सनी हे केलं तेव्हा काकांनी मोबाइल नंबर मराठी आकड्यांत टाकला आणि फॉर्म अडला, कारण त्यांच्या फोनचा कीबोर्डच मराठी होता. पोरांनी पंधरा मिनिटांत मराठी आकडे इंग्रजीत बदलून घेणारं छोटं फंक्शन लिहिलं, काकांना परत फोन दिला, आणि या वेळी तक्रार क्रमांक आला.