घरच्या संगणकाचे संरक्षण निवडताना या चुका टाळा

अँटिव्हायरस घेताना बहुतेक जण ‘कोणत्या कंपनीचे घ्यावे’ या प्रश्नापाशीच अडकतात आणि आपला संगणक आज खरोखर सुरक्षित आहे का, हे पाहायचे राहून जाते. खरेदीच्या वेळी दुकानदाराने टाकून दिलेल्या अँटिव्हायरसची वर्षाची मुदत कधीच संपलेली असते, पण घड्याळाशेजारचे चिन्ह तसेच दिसत असल्यामुळे घरातले सगळे निर्धास्त असतात. स्टार्ट मेनूत ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधून तिथला व्हायरसविषयीचा विभाग उघडावा. राखण कोणत्या प्रोग्रामकडे आहे आणि तो चालू आहे की बंद, हे तिथे कळते.

पैसे मोजल्याशिवाय संरक्षण मिळत नाही, हाही एक गैरसमज आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर मुळातच असतो आणि अपडेट वेळेवर घेणाऱ्या घरासाठी तो माझ्या मते पुरेसा आहे. मुलांच्या वापरावर मर्यादा घालण्यासारख्या जादा सोयी हव्या असतील तर विकतचे अँटिव्हायरस जरूर घ्यावे, मात्र दोन कंपन्यांची अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नयेत. दोन्ही प्रोग्राम प्रत्येक फाइल तपासू पाहतात, एकमेकांच्या आड येतात आणि संगणक मंदावतो. जुने काढून, संगणक रीस्टार्ट करून मगच नवे टाकावे. अनइन्स्टॉल करूनही त्याचे अवशेष राहिले, तर त्याच कंपनीने त्यासाठी दिलेले साधन तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावे.

अपडेट पुढे ढकलत राहणे ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हे खंडणी मागणारे सॉफ्टवेअर जगभर पसरू लागले, तेव्हा ज्या त्रुटीतून ते शिरत होते ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेले होते, आणि तरीही असंख्य संगणकांवर ते कोणी घेतलेले नव्हते. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. टीपीएम २.० ही संगणकाच्या आतली सुरक्षेची सोय नसल्यामुळे किंवा प्रोसेसर जुना असल्यामुळे विंडोज ११ चालत नसेल, तर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नोंदणी करावी आणि तिच्या मुदतीत संगणक बदलण्याची तयारी करावी.

फुकटात मिळालेले ‘क्रॅक’ केलेले, म्हणजे परवान्याची अट मोडून चालवलेले, सॉफ्टवेअर टाकताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना आली, तर तिथेच थांबावे. चोराने कडी काढायला सांगावी आणि आपण ती काढावी, असा हा प्रकार आहे.

उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले’ असे संदेश वारंवार येऊ लागले की माणूस घाबरून त्यावर क्लिक करतो. असे संदेश अनेकदा अँटिव्हायरसचे नसतातच. कधीतरी एखाद्या संकेतस्थळावर आपण नकळत ‘अलाऊ’ दाबलेले असते आणि ते संकेतस्थळ ब्राउझरमधून सूचना पाठवत असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’मधून ‘नोटिफिकेशन्स’ उघडावे आणि अनोळखी नावे काढून टाकावीत. संदेशात फोन नंबर दिला असेल तर त्यावर फोन करू नये आणि कोणाच्याही सांगण्यावरून संगणकाचा ताबा देणारे अ‍ॅप टाकू नये. पैसे गेलेच, तर क्षणही न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी. संदेश थांबूनही शंका उरली, तर डिफेंडरचा ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावा. तो विंडोज सुरू होण्याआधी तपासणी करतो, त्यामुळे लपून बसलेला प्रोग्रामही सापडण्याची शक्यता वाढते.

कोणतेही अँटिव्हायरस कधीतरी चुकू शकते, म्हणून घरचे फोटो आणि कागदपत्रे यांची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर असलीच पाहिजे. ती डिस्क कायम जोडून ठेवणे ही चूक हमखास होते आणि अशा वेळी खंडणीखोर सॉफ्टवेअर मूळ फायलींबरोबर त्या प्रतीलाही कुलूप लावते. प्रत घेऊन झाली की डिस्क काढून कपाटात ठेवावी आणि अधूनमधून तिच्यातला एखादा फोटो दुसऱ्या संगणकावर उघडतो का, ते पाहावे.