ऑफर लेटर हातात आलंय? राजीनाम्याचा पेपर टाकण्याआधी या चुका टाळा

पेरोलमध्ये, म्हणजे पगाराच्या विभागात, बसणाऱ्यांना राजीनाम्यांचा हंगाम पाठ असतो. एप्रिलात अप्रेझलची पत्रं वाटली जातात, मे महिन्यात वाढीव पगार खात्यात पडतो आणि तो बघून जूनपासून माझ्या टेबलावर फुल अँड फायनलच्या, म्हणजे सोडून जाणाऱ्यांच्या शेवटच्या हिशोबाच्या, फाइली साचायला लागतात. पुण्याजवळच्या भोसरी, चाकण, नंतर हिंजवडीतल्या कंपन्या, सगळीकडे तेच. माणसं बदलतात, चुका त्याच. आणि बहुतेक चुका राजीनामा दिल्यावर माझ्याकडे येऊन विचारल्या जातात, जेव्हा मी फक्त हिशोब सांगू शकते.

सीटीसीला सीटीसी लावून बघणं

सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. जुना आणि नवा सीटीसी नुसते शेजारी ठेवायच्या या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण तिचा मला सगळ्यात जास्त वैताग आहे.

चाकणच्या एका प्लँटमध्ये क्वालिटीला एक मुलगा होता. हुशार, कामसू, मोशीला राहणारा. एक दिवस पेढे घेऊन आला. "मॅडम, थर्टी पर्सेंट हाइक! नऊचे अकरा सत्तर." पेपर आदल्याच दिवशी टाकून झाला होता. म्हटलं, ब्रेकअप, म्हणजे पगाराची फोड, दाखव. तर म्हणाला, "ब्रेकअप म्हणजे ते मागचं पान ना? ते नीट बघितलं नाही."

मागचं पान आम्ही दोघांनी मिळून बघितलं. 11,70,000 मध्ये बेसिक (मूळ पगार) निम्मं, म्हणजे महिन्याला 48,750. त्यावर कंपनीचा 12 टक्के पीएफ (भविष्य निर्वाह निधी) सीटीसीतच धरलेला, वर्षाचे 70,200. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम) हीही सीटीसीत, बेसिकच्या 4.81 टक्क्यांनी सुमारे 28,140. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला पगार, 15 टक्के, 1,75,500. वर विम्याचा हप्ता 18,000. हे सगळं वजा केलं तर उरले 8,78,160. भागिले बारा, 73,180.

आता जुनी स्लिप. आमच्याकडे पीएफ 15,000 च्या मर्यादेवर कापला जायचा, म्हणजे कंपनीचे महिन्याला 1,800 आणि त्याचे 1,800. ग्रॅच्युइटी आणि विमा सीटीसीच्या बाहेर. व्हेरिएबल नाही. मासिक ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, 73,200.

तीस टक्क्यांच्या हाइकनंतर मासिक ग्रॉस वीस रुपयांनी कमी. नव्या ठिकाणी त्याचा स्वतःचा पीएफ 5,850 आणि व्यवसाय कर 200 वजा जाता हातात 67,130. जुन्या ठिकाणी 71,200. प्राप्तिकर दोन्हीकडे शून्य, त्यामुळे तीही सबब नाही. शिवाय आमची बस त्याला मोशीतून उचलायची आणि कँटीनचं जेवण नाममात्र पैशांत व्हायचं. नवं ऑफिस बाणेरला. बाइक स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, डबा आईचा.

पीएफ वाढला ही बचतच आहे, ते मी नाकारत नाही. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर वर्षाअखेर तो पुढेही असेल. पण त्याचा फ्लॅटचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जायचा, आणि बँक पीएफचं पासबुक बघून थांबत नाही. हे त्याला पेढे वाटण्याआधी कळलं असतं तर तो नव्या एचआरशी फिक्स्ड भागावर बोलू शकला असता. पेपर टाकून झाल्यावर कोण ऐकतं?

माझी सवय अशी: ऑफर लेटरचं पहिलं पान मी वाचतच नाही. सरळ अ‍ॅनेक्शर (ते मागचं पान) काढते आणि पेन्सिलने कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल, विमा, जॉइनिंग बोनस या ओळी खोडते. उरलेल्याला बारानं भागते, आपला पीएफ आणि व्यवसाय कर वजा करते आणि तो आकडा गेल्या महिन्याच्या स्लिपच्या शेवटच्या ओळीशेजारी लिहिते. दहा मिनिटांचं काम आहे. इंटरनेटवर इन-हँड काढून देणारे कॅल्क्युलेटर आहेत, पण त्यांना तुमच्या कंपनीचं स्ट्रक्चर माहीत नसतं, ते अंदाज धरतात. ज्याला दहा मिनिटं बसून वजाबाकी करायचा कंटाळा आहे त्याने निदान हाइकची टक्केवारी तरी कुणाला सांगू नये. सीटीसी हा आकडा लग्नाच्या बायोडेटात शोभतो.

आणखी एक. नव्या श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आणि त्यात वेतनाची व्याख्या बदलली: भत्ते वगैरे वगळलेले भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरची रक्कम वेतनातच धरायची. बऱ्याच कंपन्यांना त्यामुळे स्ट्रक्चर बदलावं लागतंय. म्हणून एचआरला सरळ विचारा, हे ब्रेकअप नव्या व्याख्येप्रमाणे आहे की पुढे बदलणार? मेलवर विचारा.

ऑफर दाखवून पगार वाढवून घेणं

दुसरी लाडकी चूक. जायचं नसतंच, फक्त साहेबांना कागद दाखवायचा असतो.

डिझाइनमधल्या एका सीनियरने हे केलं. बाहेरची ऑफर आणली, पेपर टाकला. त्याच संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, "तू गेलास तर हे प्रोजेक्ट कोण बघणार" झालं, आणि बाहेरचा आकडा मॅच करून दिला. हा खूश. बाहेरच्या कंपनीला जॉइनिंगच्या आठवडाभर आधी नाही म्हणून कळवलं. त्या कंपनीने त्याच्यासाठी जागा दोन महिने अडवून ठेवली होती. तिथलं दार कायमचं बंद झालं.

पुढचं सगळं मला पेरोलच्या शीटमध्ये दिसलं. एप्रिल आला तेव्हा त्याच्या नावासमोर वाढ शून्य, शेरा: "मध्यंतरी सुधारित." म्हणजे त्याला मिळाली होती ती त्याचीच पुढची वाढ, आगाऊ. तोवर त्याच्या शेजारी एक ज्युनिअर बसवला होता, "बॅकअप" म्हणून. परदेशी क्लायंटकडे जायची यादी निघाली त्यात नाव ज्युनिअरचं. दिवाळीनंतर हा पुन्हा बाहेर पडला, आणि जी ऑफर नाकारली होती तिच्यापेक्षा कमी पैशांत.

साहेब काही खलनायक नव्हते. त्यांना प्रोजेक्ट संपवायला आणि पर्याय तयार करायला वेळ हवा होता, तो त्यांनी पगारवाढीच्या भावात विकत घेतला. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

काउंटर ऑफर, म्हणजे थांबवण्यासाठी जुन्या कंपनीने दिलेला वाढीव पगार, कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. तक्रार फक्त पैशांचीच असेल, नवा पगार तारखेसह पत्रावर असेल आणि पुढच्या अप्रेझलमधून तो वळता होणार नाही असं लिहून मिळत असेल, तर थांबा. साहेब पटत नाहीत, काम शिळं झालंय, शनिवारी बोलावतात, यातलं काहीही असेल तर वाढीव पगार चार महिने पुरतो. आणि मुळात ऑफर न आणता, नुसतं समोर बसून "माझा पगार बाजारापेक्षा कमी आहे, हे माझं वर्षभराचं काम" असं बोलून बघितलंय का? लोकांना पगारवाढ मागायला लाज वाटते आणि राजीनामा द्यायला वाटत नाही, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही.

तोंडी आश्वासनं

"सहा महिन्यांत करेक्शन देऊ", "व्हेरिएबल सगळ्यांना शंभर टक्के मिळतं", "हायब्रिडच आहे हो, दोनच दिवस यायचं". हे सांगणारा एचआर सहा महिन्यांनी स्वतःच तिथे नसतो. फोन ठेवल्यावर दोन ओळींचा मेल टाका: आपलं असं बोलणं ठरलं, कृपया कन्फर्म करावं. उत्तर आलं नाही तर त्या आश्वासनाची किंमत शून्य धरा.

शेवटची तारीख न मोजता नोटिस बायआउट करणं

कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या संहितेनुसार एका वर्षानंतर हक्क लागू होतो. हिशोब साधा आहे: शेवटचं मासिक वेतन, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. 36,000 वेतन आणि पाच वर्षं असतील तर 1,03,846 रुपये.

पाच वर्षं मोजायची ती राजीनाम्याच्या तारखेपर्यंत नव्हे, कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत. पावणेपाच वर्षांनी पेपर टाकला आणि 90 दिवसांची नोटिस पूर्ण केली की पाच भरतात. इथेच नवी कंपनी घाई करते आणि बायआउट, म्हणजे न भरलेल्या नोटिशीचे पैसे, देऊ करते: "लवकर या, बायआउट आम्ही देतो." माणूस हुरळतो आणि महिन्याभरात सुटतो. दोन महिन्यांसाठी लाखभर रुपये गेले. जुन्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली मद्रास उच्च न्यायालयाने चार वर्षं आणि पाचव्यातले 240 दिवस भरलेल्या कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिलेला आहे, त्यामुळे अशा माणसाला भांडता येतं. पण काही कंपन्या मुकाट्याने देतात, काही कंट्रोलिंग ऑथॉरिटीपर्यंत (ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणारा सरकारी अधिकारी) फिरवतात. त्यापेक्षा रुजू व्हायची तारीख पुढे मागा. खरोखर माणूस हवा असलेली कंपनी महिनाभर थांबते. थांबत नसेल तर तेही कळलं, बरंच झालं.

बायआउटचे पैसे जुनी कंपनी तुमच्याच हिशोबातून कापते. नवी कंपनी ते परत देते तेव्हा बहुधा पगारात घालून, कर लावून देते. जॉइनिंग बोनसही बघा: वर्षाच्या आत सोडलं तर परत, अशी अट जवळजवळ प्रत्येक पत्रात असते आणि जवळजवळ कुणीच वाचत नाही.

बारीकसारीक, पण महाग

लेखी ऑफर येण्याआधी राजीनामा. यावर काय बोलायचं? देऊ नका.

आई-वडिलांचा विमा. जुन्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ते असतात, नव्यात नसतात किंवा हप्ता तुमच्या पगारातून कापतात. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर ते आधी उरका. शेवटच्या दिवशी जुनं कव्हर संपतं.

बाळाचं नियोजन असणाऱ्या मुलींनो, मातृत्व रजेच्या पगारासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्याच कंपनीत किमान 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. तारखा कॅलेंडरवर मांडा आणि मग ठरवा.

बाँडची धमकी. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही ही अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. पण ठरावीक काळाआधी सोडलं तर अमुक रक्कम भरा, हा प्रकार वेगळा. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये 2 लाखांची अशी अट ग्राह्य धरली. "बाँडला काही अर्थ नसतो" हा कट्ट्यावरचा सल्ला तुमच्या पत्रातली ओळ वाचल्याशिवाय घेऊ नका.

प्रवास. खराडीत राहून हिंजवडीची ऑफर घेणाऱ्यांनी मुलाखतीच्या दिवशी दुपारी दोनला नव्हे, एखाद्या पावसाळी सोमवारी सकाळी नऊला जाऊन बघावं.

आणि थांबणाऱ्यांचीही एक चूक. "इथे सगळे ओळखतात", "पुढच्या अप्रेझलला बघू" म्हणत लोक वर्षामागून वर्ष काढतात. थांबायचं तर थांबा, पण काय मिळणार म्हणून थांबतोय ते साहेबांशी बोलून, तारीख घेऊन थांबा.

गेल्यावर उगवणाऱ्या चुका

वर्षाच्या मध्येच नोकरी बदलली आणि जुन्या कंपनीचं उत्पन्न नव्या कंपनीला सांगितलंच नाही. उदाहरण घ्या: महिन्याला 1,20,000, ऑक्टोबरमध्ये बदल, 2025-26 चे नव्या करप्रणालीतले दर. वर्षाचे 14,40,000, प्रमाणित वजावट 75,000 गेली, कर उपकरासह 88,140. जुन्या कंपनीने सहा महिन्यांत निम्मा कापला. नव्या कंपनीला दिसतात फक्त तिचे 7,20,000, म्हणजे तिच्या मते कर शून्य. सहा महिने हातात जास्त पैसे येतात, माणूस म्हणतो नवी कंपनी चांगली आहे. जुलैत रिटर्न भरायला बसतो आणि 44,070 रुपये, वर व्याज, एकदम समोर येतात. रुजू होताच जुन्या कंपनीचं उत्पन्न आणि टीडीएस (तिने कापलेला कर) ठरलेला फॉर्म (2025-26 मध्ये तो 12बी होता) भरून कळवा. एचआर आपणहून मागेल याची वाट बघू नका.

पीएफ काढून घेणं ही अधीर पोरांची खास चूक. एकूण सेवा पाच वर्षांच्या आत असेल तर काढलेल्या रकमेवर कर लागतो, आणि पेन्शनला पात्र ठरायला दहा वर्षं लागतात. पेन्शनचे पैसे काढले की ती मोजणी पहिल्यापासून. जुना यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) नव्या कंपनीला द्या, रक्कम ट्रान्सफर करा. नवा यूएएन उघडू देऊ नका, नंतर दोन खाती जुळवताना दमछाक होते.

लॅपटॉप परत करायच्या आदल्या दिवशी सगळ्या पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म 16 (कापलेल्या कराचं प्रमाणपत्र) स्वतःच्या मेलवर घ्या. लॉगिन बंद झालं की दोन वर्षांपूर्वीची स्लिप मागायला माझ्यासारखीलाच फोन करावा लागतो. आणि दोन-तीन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर डेट ऑफ एक्झिट (नोकरी सोडल्याची तारीख) पडलीय का बघा. जुन्या कंपनीने टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः टाकता येते, आधार ओटीपीवर. ती नसेल तर ट्रान्सफर अडकतो, आणि मग लोक म्हणतात जुन्या कंपनीने मुद्दाम केलं.